रॉटरडॅमचा जिना पाहिला आणि सुरत पॅसेंजर आठवली

बोरीकाठ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लेक नोकरीनिमित्त हॉलंडात असते, तिच्याकडे दोन महिने राहून परवाच अमळनेरला परतलो. पवनचक्क्या, ट्यूलिप आणि चीजच्या जिलब्या इथे आधीच भरपूर पडल्यात, त्यात माझी भर नको. मला एका जिन्याबद्दल लिहायचंय.

रॉटरडॅमला काटेंड्रेख्त नावाचा जुना गोदीचा भाग आहे. खलाशी, चिनी खाणावळी, बदनाम गल्ल्या असा त्याचा पूर्वीचा लौकिक. आता तिथे चारशे रुपयांना एक कॉफी मिळते. तिथल्या धक्क्यावर हॉलंड-अमेरिका लाइन या जहाज कंपनीने १९२३ साली एक वखार बांधली. लांबी ३६० मीटर, म्हणजे आपल्या पॅसेंजरचे पंधरा डबे एकामागे एक लावा, तेवढी. या बंदरातून लाखो गरीब युरोपियन माणसं अमेरिका-कॅनडाला गेली. पाण्यापलीकडे कंपनीची कचेरी होती, तिचं आता 'हॉटेल न्यूयॉर्क' झालंय. दुसऱ्या महायुद्धात बंदराबरोबर वखारीचीही वाताहत झाली, पुढे तिचे दोन तुकडे पडले. त्यातल्या एका तुकड्यात मे २०२५ पासून स्थलांतर या एकाच विषयाचं संग्रहालय आहे. नाव फेनिक्स.

वखार वखारीसारखीच ठेवलीय. जाडजूड काँक्रीटचे खांब, लांबच लांब खिडक्या, काही नटवलेलं नाही. आणि मधोमध छत फोडून एक चकचकीत पोलादी वावटळ वर गेलीय. चैत्रात नांगरटीच्या रानात उठते ना, पाचोळा, कागद, धूळ सगळं गरगर फिरवत वर नेणारी, तशी. तिचं नावच त्यांनी 'टॉर्नेडो' ठेवलंय. रचना बीजिंगच्या मा यानसोंग यांची, त्यांच्या संस्थेचं नाव मॅड. (हो, मॅडच. बायकोने तिथेच विचारून घेतलं.) उंची ३० मीटर, आत-बाहेर मिळून ५५० मीटर जिना, आणि जमिनीपासून २४ मीटरवर गच्चीसारखा मोकळा चौथरा, जिथून सगळं बंदर दिसतं.

पण आकडे जाऊ द्या. गंमत अशी आहे की जिना एक नाही, दोन आहेत, एकमेकांत पीळ घातलेल्या दोरीसारखे. पायऱ्या लाकडी, वरचं आवरण आरशासारखं पोलाद. चालताना डोक्यावर पाहिलं तर आपणच उलटे चालताना दिसतो, लांबट होतो, वाकतो, मधेच दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात मिसळून जातो. माझ्या पुढे एक आजीबाई होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्या वरच्या पत्र्यात माझ्या डोक्यावरून उलट्या चालत होत्या आणि मी त्यांच्या पिशवीतून बाहेर आल्यासारखा दिसत होतो.

तर मी एका जिन्याने निघालो आणि बायको फोटो काढायच्या नादात दुसऱ्याला लागली. अर्ध्यावर लक्षात आलं की ती समोरच्या वळणावर आहे. हात केला, तिने केला, आणि पुढच्या वळणाला दोघं पुन्हा दिसेनासे. थेट वर भेटलो. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. तिने कानाशी येऊन विचारलं, "तुमच्या आईचं उधन्याला असंच झालं होतं ना?"

झालं होतं. १९७२ च्या दुष्काळात वडील सुरतेला लूमवर कामाला गेले. दीडेक वर्षाने आम्हाला न्यायला आले. उधना स्टेशनवर गर्दीत वडील ट्रंक घेऊन उतरले आणि गाडी हलली. आई, मी आणि कडेवरची बहीण डब्यातच. आईला त्या वयात नवऱ्याच्या नावाशिवाय कुठलाच पत्ता माहीत नव्हता, आणि नाव घ्यायचं नसतं. सुरतेला उतरून ती फलाटावर बसून राहिली. तीन तासांनी वडील चालत आले, ट्रंक डोक्यावर.

फेनिक्समध्ये खाली लोकांनी दिलेल्या २००० बॅगांचा एक चक्रव्यूह आहे. चामड्याच्या, पुठ्ठ्याच्या, वेताच्या. त्यातून फिरताना मी आपला पत्र्याची ट्रंक शोधत होतो. आमची आजही घरी आहे. हिरवा रंग, पांढऱ्या अक्षरात आजोबांचं नाव, गावाचं नाव, ता. अमळनेर, जि. पू. खा. आजोबांकडून वडिलांकडे आली, वडिलांबरोबर सुरतेला गेली, परत आली.

आता मुद्दा. आपल्या खान्देशातली अर्धी घरं अशी ये-जा करणारी आहेत. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागात जाऊन पाहा, दुकानाच्या पाट्या गुजराती आणि गिऱ्हाईक अहिराणी. ऊसतोडीला जाणारे वेगळे, पुणे-नाशिकला गेलेले वेगळे. याचं एखादं संग्रहालय आपल्याकडे उभं राहिलं तर ती वास्तू कशी दिसेल? सरकारने करावं वगैरे म्हणत नाही, ती चर्चा नकोच. फक्त आकार कसला असेल ते सांगा. जिना तर नक्की नाही, असं मला वाटतं. का ते नंतर लिहितो, आधी तुमचं ऐकू दे.

धाब्याचं घर

सुरेख. उधन्याचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. फोटो टाका की.

बोरीकाठ

प्रयत्न केला, चढत नाहीयेत. नातवाला सांगितलंय.

आर्गनवाला

मी जळगावला एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, त्यामुळे बाकी सगळे भावनेने वाचतील ते मी पत्र्याने वाचलं. बाहेरचं आवरण २९७ पत्र्यांचं आहे, तिथल्याच ग्रोनिंगन भागात बनवलेलं. पत्रा एका दिशेने वाकवणं सोपं, रोलिंग मशिनला घातला की झालं, टाक्या आपण तशाच करतो. दोन्ही दिशांनी वाकवायचा म्हटलं की बोंब. पातेल्याच्या बुडासारखा आकार आला आणि तो पॉलिश करून आरसा करायचा, म्हणजे एक ठोका जरी चुकीचा बसला तर चेहरा तिथे हेलपाटणार. मॅट फिनिश चूक लपवतं, मिरर लपवत नाही. म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईकाने जिन्याच्या रेलिंगला 'आठ नंबर फिनिश' मागितलं की मी आधीच दीडपट दर सांगतो. शिवाय बंदरावरच्या खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडला डाग पडतात, ३१६ लागतं, ते आणखी महाग.

बोरीकाठ, जोड कसे दिसत होते? उघडे ठेवलेत की घासून घालवलेत?

बोरीकाठ

लांबून एकसंध वाटतं. जवळ गेलात की बारीक रेघा दिसतात, शिवणीसारख्या. मी बोट फिरवून पाहिलं. पत्रा थंड होता आणि माझ्या बोटाचा ठसा उमटला, तो रुमालाने पुसला. पहारेकरी बघत होता.

आर्गनवाला

ठसा पुसणारा माणूस म्हणजे जातिवंत खान्देशी. 😀

नाही पटलं

थोडं विरजण घालतो. वास्तुकला हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, मूळ गाव धुळे. टॉर्नेडोसारख्या गोष्टींबद्दल मला एक शंका कायम असते. माणसं तिथे जातात ती जिन्यासाठी आणि पत्र्यातल्या स्वतःच्या फोटोसाठी. ज्याने घर सोडलं तो राहतो खालच्या मजल्यावर.

याच विषयावरची दुसरी उदाहरणं बघा. बेल्जियममध्ये अँटवर्पला रेड स्टार लाइन या जहाज कंपनीचं संग्रहालय आहे, २०१३ चं. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी आणि कपड्यांचं निर्जंतुकीकरण ज्या शेडमध्ये व्हायचं, त्याच शेड. त्यांनी फक्त एक मनोरा नवा केला, जहाजाच्या धुराड्याची आठवण देणारा. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतर संग्रहालयाचं काम ज्या संस्थेने केलं होतं तिनेच हेही केलं. वास्तू ओरडत नाही.

बर्लिनचं ज्यू संग्रहालय ओरडतं, पण त्याला कारण आहे. डॅनियल लिबेस्किंड यांनी तिथे एक 'निर्वासनाची बाग' केलीय. ४९ चौकोनी खांब, सात गुणिले सात, आणि खालची जमीन मुद्दाम तिरकी. दहा पावलं टाकली की पोटात ढवळतं, गाडी लागल्यासारखं. ४८ खांबांत बर्लिनची माती, एका खांबात जेरुसलेमची, आणि झाडं थेट खांबांच्या डोक्यावर, हाताला न लागणारी. परक्या मुलखात पाय ठरत नाहीत हे तिथे वाचावं लागत नाही, पायाला कळतं. रॉटरडॅमच्या जिन्यावर पायाला काय कळतं?

आणि सगळ्यात भारी म्हणाल तर मॉरिशसचा आप्रवासी घाट. पोर्ट लुईस बंदरात. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तिथे उतरले. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, पण तामिळ, तेलुगू, आपले मराठीही होते. २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तिथे आज काय आहे? दगडी भिंतींचे काही तुकडे, आणि बोटीतून उतरल्यावर चढायच्या १६ पायऱ्या. बस. पोलाद नाही, आरसा नाही. १६ पायऱ्या, जहाजातून आलेला प्रत्येक जण त्यावरून चढलेला. मला विचाराल तर जगातला या विषयावरचा सगळ्यात मोठा जिना तो आहे.

बोरीकाठ

@नाही पटलं, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. १६ पायऱ्यांचं एकदम मान्य. बर्लिनला गेलो नाही, पण तुमच्या वर्णनानेच ढवळलं.

तरी जिन्याची बाजू थोडी मांडतो. पायाला काय कळतं, तर हे कळतं की सोबत निघालेलं माणूस दिसत राहतं पण हाताला लागत नाही. माझ्यापुरतं ते पुरेसं होतं. कदाचित बायकोचा हात सुटला नसता तर मीही फोटो काढून खाली आलो असतो.

दुसरं, पैशाची बाजू. ही मला खटकली आणि आवडलीही. संग्रहालय उभं केलं ते 'द्रोम एन दाद' या प्रतिष्ठानाने, म्हणजे 'स्वप्न आणि कृती'. त्यामागे पैसा व्हान डेर व्होर्म घराण्याचा. आणि या घराण्याच्या हाती एकेकाळी कोण होतं, तर तीच हॉलंड-अमेरिका लाइन. जहाजांचा धंदा त्यांनी १९८९ मध्ये विकला. ज्यांनी तिकिटं विकली त्यांच्याच पैशातून तिकीट काढणाऱ्यांचं स्मारक. आपल्याकडे मुकादमाने कोयत्याचं संग्रहालय काढलं तर कसं वाटेल, तसं काहीसं. तळमजल्यावरचा मोठा चौक मात्र सगळ्यांना फुकट आहे, गल्लीतली पोरं तिथे येऊन खेळतात. ते चांगलं केलंय.

लिंबायतकर

भाऊ, हाई बठ्ठं वाचीसन डोयामा पानी उनं.

आता मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकरांसाठी तळटीप द्यावी लागेल. माझा जन्म सुरतचा. वडील शिंदखेडा तालुक्यातले. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, घरी अहिराणी, दोस्तांत हिंदी, धंद्यात गुजराती. धाग्यातली एक गोष्ट टोचली, रागावू नका. तुम्ही लोक आम्हाला 'गेलेले' म्हणता. आम्ही कुठे गेलो? आम्ही इथेच आहोत. मला गावाकडे कोणी विचारलं 'कधी आला?' तर राग येतो आणि सुरतमध्ये कोणी विचारलं 'गाम कयुं?' तरी राग येतो.

संग्रहालयात काय ठेवायचं ते सांगतो. कानबाई ठेवा, आपली खान्देशची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, आणि भाऊबंदकीत कितीही भांडण असलं तरी रोट एकत्रच खावे लागतात. रोटासाठी घरातल्या पुरुष माणसांच्या हिशोबाने गहू मोजून घेतात. मुठीने. जो सुरतमध्ये आहे, पुण्यात आहे, फौजेत आहे, त्याचीही मूठ धरतात. माझ्या काकाने वडिलांशी अकरा वर्षं अबोला धरला होता, शेताच्या बांधावरून. पण गहू मोजताना आमच्या मुठी कधी वगळल्या नाहीत. मला त्या संग्रहालयात फक्त ते सूप दाखवा, गव्हाच्या मुठी टाकलेलं. पोलाद-बिलाद तुमच्याकडे ठेवा.

धाब्याचं घर

@लिंबायतकर 🙏 माझ्याकडून एक नारळ. आमच्याकडे आता नातीही मोजतात. आजीने कुरकुर केली, मोजल्या.

तिनसमाळची बाई

मी नंदुरबार जिल्ह्यात दुर्गम भागात शिक्षिका आहे. सहसा वाचनमात्र असते. पण इथे बोरीकाठ यांनी 'ऊसतोडीला जाणारे वेगळे' अशा चार शब्दांत जे संपवलंय त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळी झाली की माझा वर्ग रिकामा होतो. भिल्ल, पावरा कुटुंबं ट्रकमधून बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात, काही सौराष्ट्रात कापसाला. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसं मोजायची असली तरी कोयतेच मोजतात. पोरं कोयत्यात धरत नाहीत पण ट्रकमध्ये असतात. शासनाचं शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसवून घ्यायचं. मी दरवर्षी कार्डं भरून देते. पोरं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतात आणि होळीला जशीच्या तशी परत आणतात.

एकदा मी स्वतः तिथल्या तळावर गेले होते, माझी चौथीतली तीन पोरं शोधायला. कोपी कशी असते सांगते. बांबूच्या कांबी कमानीसारख्या वाकवून जमिनीत रोवतात, त्यावर उसाचं पाचट, त्यावर ताडपत्री नाहीतर जुन्या जाहिरातीचं फ्लेक्स. दार म्हणजे साडीचा तुकडा. आत उभं राहता येत नाही. मी गेले त्या कोपीवर एका बंगल्यांच्या स्कीमचं फ्लेक्स होतं, आतून उलटं दिसायचं, गुजरातीत. पोरगी मला म्हणाली, बाई, मी रोज झोपताना ती अक्षरं वाचते. तिला गुजराती येत नाही. पण अक्षरं जुळवून तिने तीन शब्द ओळखले होते, उलट्या बाजूने.

तोडणी संपली की कोपी मोडतात. बांबू दुसऱ्या फडाला जातात. मागे काय राहतं, तर चुलीचे तीन दगड आणि काळा डाग. पाऊस पडला की डागही जातो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आमच्याकडच्या वास्तूचा आकार असा आहे की ती उरत नाही. तिचं संग्रहालय कसं करणार ते तुम्ही मोठ्या लोकांनी ठरवा. आणि जे गेले नाहीत, ज्यांचं गावच गेलं, तेही धरा. सरदार सरोवरात आमच्या बाजूची ३३ गावं बाधित झाली, मणिबेली त्यातलं पहिलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं आजोळ पाण्याखाली आहे. तो चित्र काढतो तेव्हा मामाचं घर निळ्या खडूने रंगवतो.

नाही पटलं

बाई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी माझा प्रतिसाद पुन्हा वाचला. मी युरोप फिरून आलो आणि तुम्ही तीन ओळीत कोपीचा नकाशा काढून दिलात. उंची साधारण किती असते? पाच फूट?

तिनसमाळची बाई

मधोमध तेवढी असेल. मी सव्वापाच आहे, माझं डोकं पाचटाला लागत होतं.

फैजपूर लाइन

'ती उरत नाही' यावरून आठवलं. आपल्याच खान्देशात अशी वास्तू एकदा झाली आहे आणि ती मोठी मानाची होती. डिसेंबर १९३६, फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन. खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींचा आग्रह असा की जवळपास मिळेल त्याच साहित्यातून सगळं उभारायचं. त्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. मंडप, कमानी, राहुट्या, बांबू आणि तट्ट्यांचं एक अख्खं नगर. त्याला टिळकनगर म्हणत. माझ्या पणजोबांच्या गाडीचे बैल तिथे बांबू वाहायला होते, ही घरातली आख्यायिका, पुरावा शून्य. अधिवेशन संपलं, नगर मोडलं, बांबू लोकांनी नेले. आमच्या गोठ्याच्या छताला त्यातला एक होता म्हणतात. (याला तर पुरावा शून्याहून कमी.)

पण विचार करा. दरवर्षी बांधायची आणि दरवर्षी मोडायची अशी वास्तू. दिवाळीनंतर, ट्रक भरायच्या सुमाराला मोडायची. आणि होळीच्या आधी, माणसं काठी गावच्या होळीला परत येतात तेव्हा पुन्हा उभी करायची. ज्यांना कोपी बांधता येते त्यांनीच बांधायची, पण या वेळी उभं राहता येईल एवढी उंच.

आर्गनवाला

आणि मजुरी रोख. उचल नाही.

फैजपूर लाइन

+१

पू खा म्हणजे काय

नवा सदस्य आहे, धागा वाचूनच आयडी घेतला. 😅 ट्रंकेवर 'जि. पू. खा.' लिहिलंय म्हणजे नक्की काय?

बोरीकाठ

पूर्व खान्देश, बाळा. १९६० सालापर्यंत जळगाव जिल्ह्याला पूर्व खान्देश म्हणत आणि धुळ्याला पश्चिम खान्देश. नंदुरबार तर धुळ्यातून १९९८ ला निघाला. आमचे आजोबा मरेपर्यंत पत्रावर पू. खा. लिहायचे आणि पोस्टमन मुकाट आणून द्यायचा. ट्रंक एकदाही हरवली नाही, जिल्ह्याचं नाव मात्र हरवलं.

गूळ शेंगदाणा

एक बाजू राहून जातेय. खान्देश नुसता लोक पाठवत नाही, घेतही आलाय. लेवा, गुजर मंडळी आपल्या पूर्वजांचं मूळ गुजरातेत सांगतात. भुसावळ तर रेल्वेने वसवलेलं गाव, तिथल्या कॉलनीत सगळा हिंदुस्थान. माझ्या वर्गात एकाच बाकावर तेलुगू, अँग्लो-इंडियन आणि मी. केळी भरायला, जिनिंगला बाहेरून माणसं येतात त्यांच्या खोल्या आमच्या गल्लीतच आहेत, आणि त्यांच्याशी आपण कसं बोलतो ते मला माहीत आहे. लिंबायतकरांना सुरतमध्ये 'गाम कयुं' विचारलेलं टोचतं. आम्ही भुसावळात तेच विचारतो, फक्त आवाज चढवून.

लिंबायतकर

खरं आहे. माझ्या लूमवरची पोरं ओडिशाची आहेत. मीही विचारतो.

सीमेवरचा

इतका वेळ गप्प बसलो होतो, कोणीतरी नाव घेईल म्हणून. नाहीच घेतलं! अहो, तुम्ही वास्तू काय शोधताय, ती सुरत-भुसावळ लाइनवर उभी आहे. नवापूर स्टेशन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. १९६० च्या १ मे ला दोन राज्यं झाली तेव्हा रेघ फलाटावरूनच गेली. फलाट साधारण ८०० मीटरचा, त्यातला ३०० च्या आसपास आपला, बाकी त्यांचा. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. मधे एक बाकडं आहे, त्यावर रेघ रंगवलीय, एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. लोक फोटो काढतात. घोषणा चार भाषांत होते. तिकीट इकडे काढायचं आणि गाडीत तिकडे चढायचं, याहून मोठं स्थलांतराचं संग्रहालय कोण बांधणार?

माझं लहानपण त्या फलाटावर गेलं. होळीच्या आधीच्या आठवड्यात गाड्या पाहायला जायचो आम्ही. डब्याच्या दारातून आधी भांडी उतरायची, मग कोंबड्या, मग पोरं, मग माणसं. आणि एक गोष्ट. रेघ ओलांडताना कोणीही खाली बघत नसे. बाकड्यावर बसून फोटो काढतात ते फिरायला आलेले. जे रोज जातात त्यांना ती रेघ दिसतच नाही.

नाही पटलं

आता मात्र पटलं. मी असतो तर तिथे काहीही बांधलं नसतं. फक्त फलाटाच्या छताखाली लांबच लांब एक मांडणी. मॉरिशसला १६ पायऱ्या आहेत, इथे ८०० मीटर फलाट आहे. आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत, होळीच्या आधी, बाईंच्या पोरांच्या आईबापांनी बांधलेली एक उंच कोपी.

तिनसमाळची बाई

फ्लेक्स मात्र त्यावर बंगल्याचं नको. पोरीने वाचलेले तीन शब्द लिहा. सरळ बाजूने.

बोरीकाठ

सुरुवातीला म्हणालो होतो की आपल्याकडे जिना नको, का ते नंतर लिहीन. आता लिहायची गरज राहिली नाही, तरी सांगतो. फेनिक्सच्या वरच्या चौथऱ्यावरून पलीकडे हॉटेल न्यूयॉर्क दिसतं, नदी दिसते, आणि तिथून गेलेले बहुतेक लोक परत आले नाहीत हे वाऱ्याबरोबर कळतं. म्हणून त्यांना वर चढून लांब बघायची सोय हवी होती. आपली माणसं आखाजीला येतात, कानबाईला येतात, होळीला येतात, आणि पुन्हा जातात. आपल्याला उंचावरून बघायचं काही नाही. आपल्याला फलाटच लागतो. @सीमेवरचा, तुम्ही माझ्या तोंडातलं काढलंत, तेही पत्त्यासकट.

ट्रंक मी द्यायला तयार आहे. काल संध्याकाळी काढून पुसली. 'पू. खा.' मधला 'खा' थोडा उडालाय, बाकी ठणठणीत. कोयंडा आर्गनवाल्यांकडून नीट करून घेईन.

आर्गनवाला

कोयंड्याला आर्गन वेल्डिंग नको, साधं रिव्हेट मारू. मूळ पत्रा पातळ असेल, भोक पडेल. घेऊन या जळगावला, पैसे नको.

बोरीकाठ

अपडेट. बायको म्हणते, संग्रहालय होईल तेव्हा होईल, ट्रंक आत्ता रिकामी होणार नाही. त्यात उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या आहेत.

लिंबायतकर

बिबड्या आमच्याकडे पाठवा, ट्रंक मोकळी होईल. रात्रीच्या गाडीने कोणी येत असेल तर डबा आणि सीट नंबर टाका. उधन्याला फलाटावर उभा राहतो. गाडी दोनच मिनिटं थांबते, दारात उभं राहायला सांगा.